वीस बोंडे आणि एक निर्णय : कृषी विद्यार्थ्यांसाठी संभाव्यतेचा प्राथमिक पाठ

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमातील संख्याशास्त्र हा विषय बहुतेक विद्यार्थी उत्तीर्ण होण्यापुरता शिकतात. सूत्रे पाठ होतात, परीक्षेत आकडे भरले जातात आणि पुढील सत्रात सारे विसरले जाते. मीही त्याला अपवाद नव्हते. या विषयाकडे मला पुन्हा वळविले ते एका शेतकऱ्याच्या प्रश्नाने.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठावरील एका गावी कपाशीच्या पाहणीसाठी गेले होते. एका मराठी भाषक शेतकऱ्याच्या दोन एकर शेतातून २० हिरवी बोंडे तोडली आणि बांधावर बसून एकेक फोडून पाहिली. केवळ एका बोंडात गुलाबी बोंडअळी आढळली. प्रादुर्भाव पाच टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या खाली. फवारणीची आवश्यकता नाही, असे मी निःशंकपणे सांगितले. वेचणीच्या वेळी त्याच शेतातून मोठ्या प्रमाणावर कवडी कापूस निघाला. शेतकरी रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “मॅडम, वीस बोंडं पाहून दोन एकराचं कसं काय सांगितलं तुम्ही?”

त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, विलंबाने का होईना, दिलेले उत्तर आहे. संभाव्यतेच्या प्राथमिक अभ्यासातील बहुतेक महत्त्वाच्या संकल्पना या एका प्रश्नात सामावलेल्या आहेत.

समष्टी आणि नमुना

दोन एकर कपाशीत हजारो हिरवी बोंडे असतात. त्या सर्वांचा समुच्चय म्हणजे आपली समष्टी. तीत बाधित बोंडांचे एक खरे प्रमाण असते, परंतु ते आपणांस कधीही दिसत नाही. सर्व बोंडे फोडून पाहिली तर प्रमाण कळेल, मात्र पीक उरणार नाही. म्हणून आपण नमुना घेतो. नमुन्यातील प्रमाण हा खऱ्या प्रमाणाचा अंदाज असतो आणि प्रत्येक नव्या नमुन्यागणिक तो बदलतो. हा बदल केवळ योगायोगाने किती होऊ शकतो, याचे गणित म्हणजे संभाव्यताशास्त्राचा आपल्या उपयोगाचा भाग होय.

गुलाबी बोंडअळीसाठी प्रचलित शिफारस अशी आहे : कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास, अथवा फुले किंवा हिरवी बोंडे दहा टक्के बाधित असल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत. व्यवहारात याचेच रूप असे होते की, २० बोंडे फोडावीत आणि दोन किंवा अधिक बोंडांत अळी आढळल्यास फवारणी करावी. अळी बोंडात शिरल्यावर प्रवेशछिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. त्यामुळे बोंड फोडून पाहण्यास पर्याय नाही. हा नियम सोपा आहे, शेतात वापरता येतो आणि योग्यही आहे. तथापि तो किती वेळा चुकतो हे जाणून घेतल्याखेरीज त्याचा योग्य वापर करता येणार नाही.

नियम किती वेळा चुकतो?

समजा, शेतातील खरा प्रादुर्भाव नेमका दहा टक्के आहे. यादृच्छिकपणे निवडलेले एक बोंड निरोगी असण्याची संभाव्यता ०.९ झाली. प्रत्येक बोंडाची स्थिती इतरांपासून स्वतंत्र मानली, तर वीसही बोंडे निरोगी निघण्याची संभाव्यता म्हणजे ०.९ हा अंक वीस वेळा घेऊन केलेला गुणाकार. तो सुमारे ०.१२ येतो. नेमके एक बोंड बाधित निघण्याची संभाव्यता काढताना ते एक बोंड वीसपैकी कोणतेही असू शकते, हे ध्यानात घ्यावे. म्हणून २० गुणिले ०.१ गुणिले ०.९ चा एकोणीस वेळा केलेला गुणाकार, म्हणजे सुमारे ०.२७. दोहोंची बेरीज ०.३९. यालाच द्विपद वितरण म्हणतात.

या उत्तराचा अर्थ शांतपणे समजून घ्यावा. ज्या शेतात फवारणीची वेळ आलेली आहे, अशा शंभर शेतांपैकी सुमारे ३९ शेतांत आपल्या वीस बोंडांत शून्य किंवा एकच बाधित बोंड आढळेल आणि आपण ‘थांबा’ असे सांगू. हाच हिशेब अन्य प्रमाणांसाठी केल्यास पुढील चित्र दिसते.

खरा प्रादुर्भाव ५ टक्के : चुकून ‘फवारा’ असे सांगण्याची शक्यता २६ टक्के.
खरा प्रादुर्भाव १० टक्के : चुकून ‘थांबा’ असे सांगण्याची शक्यता ३९ टक्के.
खरा प्रादुर्भाव २० टक्के : चुकून ‘थांबा’ असे सांगण्याची शक्यता ७ टक्के.

चुका दोन प्रकारच्या आहेत. पहिलीत अनावश्यक फवारणीचा खर्च होतो आणि मित्रकीटक मारले जातात. दुसरीत पीक हातचे जाते. पाठ्यपुस्तकात यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची त्रुटी म्हणतात व विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. बोंडांचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तर गल्लत होत नाही.

२० ऐवजी ४० बोंडे पाहून चारचा निकष लावला, तर पाच टक्के प्रादुर्भावाच्या शेतातील अनावश्यक शिफारशीची शक्यता २६ वरून १४ टक्क्यांवर येते आणि २० टक्के प्रादुर्भावाचे शेत निसटण्याची शक्यता ७ वरून ३ टक्क्यांवर. मात्र श्रम दुप्पट झाले म्हणून अचूकता दुप्पट होत नाही. अंदाजाची प्रमाण त्रुटी नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दहा टक्के प्रादुर्भावासाठी २० बोंडांची प्रमाण त्रुटी ६.७ टक्के आहे. ती निम्मी करावयाची तर ८० बोंडे फोडावी लागतील.

शून्य आढळणे आणि शून्य असणे

वीसपैकी एकाही बोंडात अळी सापडली नाही, तर विद्यार्थी नोंदवहीत ‘प्रादुर्भाव शून्य’ असे लिहितात. ही भाषा चुकीची आहे. खरा प्रादुर्भाव १४ टक्के असतानाही २० निरोगी बोंडे मिळण्याची संभाव्यता जवळजवळ पाच टक्के असते. स्थूलमानाने एक सोपा नियम सांगता येतो : शून्य आढळल्यास तीनला नमुन्याच्या आकाराने भागावे. येणारा अंक ही खऱ्या प्रमाणाची सुमारे ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा असते. २० बोंडांसाठी ती १५ टक्के, तर ३०० बोंडांसाठी एक टक्का. म्हणून नोंद ‘२० पैकी ० बाधित’ अशी असावी. भाजक लिहिलेला असला म्हणजे वाचणाऱ्याला त्या शून्याचे वजन कळते.

नमुना कोठून घेतला?

वरील सर्व हिशेब दोन गृहीतकांवर उभा आहे : निवड यादृच्छिक आहे आणि बोंडे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. माझी खरी चूक येथे होती. वेळ वाचविण्यासाठी मी सर्व बोंडे रस्त्यालगतच्या चार ओळींतून तोडली होती. शेताच्या पलीकडच्या बाजूस शेजाऱ्याने मागील हंगामातील पऱ्हाटी रचून ठेवली होती. जुन्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत ही कीड तग धरून राहते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु त्या टोकापर्यंत मी चालत गेले नाही. योगायोगाने होणारी चूक नमुना वाढवून कमी करता येते. निवडीतच असलेला पूर्वग्रह नमुना वाढवून जात नाही. त्या चार ओळींतून मी २०० बोंडे तोडली असती, तरी उत्तर चुकलेच असते, उलट ते मी अधिक ठामपणे सांगितले असते.

भारतीय कृषी सांख्यिकीचा पायाच या विचारावर रचला गेला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या पाहणीतून नमुना सर्वेक्षणाची पद्धती विकसित केली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास करून दाखवून दिले की, फार लहान प्लॉट घेतल्यास उत्पादनाचा अंदाज प्रत्यक्षाहून अधिक येतो. त्याचे कारण उद्बोधक आहे. प्लॉटच्या सीमारेषेवर उभी असलेली ताटे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न येतो तेव्हा कापणी करणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो. प्लॉट जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत सीमेचा वाटा मोठा. पानसे आणि सुखात्मे यांचा कृषी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केला. कृषी विद्यापीठांतील कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या.

व्यवहारात काय करावे? शेतात नागमोडी चालावे, बांधाजवळच्या ओळी सोडून आत शिरावे आणि चारही कोपरे व मध्य यांतून बोंडे घ्यावीत. एका झाडावरून एकच बोंड तोडावे. पावले आधीच ठरवून मोजावीत, म्हणजे डोळ्यांना ‘चांगले’ किंवा ‘किडके’ दिसणारे झाड निवडण्याचा मोह टळतो.

सरासरी सारखी, शेते निराळी

दुसरे गृहीतक स्वातंत्र्याचे. कीटक शेतात क्वचितच एकसारखे पसरलेले असतात. पुढील काल्पनिक उदाहरण पाहा. दोन शेतांत प्रत्येकी दहा झाडांवरील मावा मोजला.

पहिले शेत : ४, ७, ५, २, ८, ५, ३, ६, ९, १
दुसरे शेत : ०, ०, १, ०, ३२, ०, ०, २, १५, ०

दोहोंची बेरीज ५० आणि सरासरी पाच. परंतु पहिल्या शेताचा मध्यक पाच आहे, तर दुसऱ्याचा शून्य. प्रत्येक संख्येचे सरासरीपासूनचे अंतर काढावे, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करून तिला नऊने, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येहून एकने कमी असलेल्या अंकाने भागावे. हे झाले प्रचरण. पहिल्या शेतासाठी ते ६.७ आणि दुसऱ्यासाठी १११.६ येते.

कीटक पूर्णतः यादृच्छिक विखुरलेले असतील, तर मोजणी प्वासाँ वितरणाचे अनुसरण करते. त्या वितरणात प्रचरण आणि सरासरी समान असतात. म्हणून प्रचरणाला सरासरीने भागून पाहणे ही पहिली उपयुक्त चाचणी ठरते. पहिल्या शेतात भागाकार १.३ आहे, एकच्या जवळ. दुसऱ्यात तो २२ आहे. तेथे मावा पुंजक्यांत आहे आणि याचे जैविक कारण स्पष्ट आहे : पंखहीन माद्या नराविना पिलांना जन्म देतात व ती पिले तेथेच वाढतात. अशा मोजणीसाठी ऋण द्विपद वितरण अधिक योग्य ठरते. रॉथमस्टेड येथील कीटकशास्त्रज्ञ टेलर यांनी १९६१ मध्ये मांडलेला प्रचरण आणि सरासरी यांच्यातील घातसंबंध आजही नमुन्याचा आकार ठरविण्यासाठी वापरला जातो.

पहिल्या शेताच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ०.८ आहे, तर दुसऱ्याची ३.३. दुसऱ्या शेताविषयी ‘प्रति झाड पाच’ असे सांगणे जवळजवळ निरर्थक आहे. तेथे संपूर्ण शेतावर फवारणी करण्याऐवजी ग्रस्त झाडांपुरता उपाय करणे शहाणपणाचे. विखुरणे हा मोजणीतील दोष मानून बाजूस सारू नये. कीड कशी जगते याची बातमी त्यातच असते.

तोच निकाल, निराळा अर्थ

आता सशर्त संभाव्यतेकडे वळू. ‘शेत बाधित असल्यास नमुन्यात कीड सापडण्याची शक्यता’ आणि ‘नमुन्यात कीड सापडल्यास शेत बाधित असण्याची शक्यता’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूत्राऐवजी शेते मोजून हे अधिक चांगले समजते.

हंगामाच्या आरंभी परिसरातील १०० शेतांपैकी २० शेतांत प्रादुर्भाव २० टक्के आणि उरलेल्या ८० शेतांत पाच टक्के आहे, असे माना. आपला वीस बोंडांचा नियम पहिल्या गटातील १९ शेतांना ‘फवारा’ म्हणेल. दुसऱ्या गटातील २१ शेतांनाही तो तेच सांगेल. म्हणजे ‘फवारा’ असे सांगितलेल्या ४० शेतांपैकी निम्म्याहूनही कमी शेतांना खरोखर गरज होती. उलट ‘थांबा’ असे सांगितलेल्या ६० शेतांपैकी केवळ एक चुकले.

हंगामाच्या उत्तरार्धात ६० शेते अधिक प्रादुर्भावाची झाली, असे समजा. आता ‘फवारा’ असे सांगितलेली शेते ६७ आणि त्यांपैकी ५६ योग्य, म्हणजे सहांपैकी पाच. मात्र ‘थांबा’ असे सांगितलेल्या ३३ शेतांपैकी चार चुकली, म्हणजे आठांतील एक. नियम तोच, बोंडे तेवढीच, तरीही निकालाचा अर्थ बदलला, कारण परिसरातील पूर्वस्थिती बदलली.

ही पूर्वस्थिती शेतकऱ्याला बव्हंशी ठाऊक असते. कामगंध सापळ्यातील पतंग, फुलांतील डोमकळ्या, शेजारचे फरदडीचे शेत, गावात रचलेली पऱ्हाटी ही सारी त्याच माहितीची रूपे आहेत. मी त्या दिवशी बोंडे मोजली, परंतु शेतकऱ्याला यांपैकी काहीही विचारले नाही.

पुनरावृत्ती म्हणजे नेमके काय?

प्रयोगाच्या आखणीतील एका चुकीचा उल्लेख अत्यावश्यक आहे. पदव्युत्तर शिक्षणात मी तुडतुड्यांवरील दोन कीटकनाशकांची तुलना केली होती. प्रत्येकासाठी एक प्लॉट आणि प्रत्येक प्लॉटमधील ३० झाडांवरील मोजणी. आकडेवारीत फरक ठळक दिसला. मार्गदर्शकांनी वही मिटली आणि विचारले, “फवारणी किती प्लॉटवर केली?” उत्तर होते, प्रत्येकी एका. मग पुनरावृत्ती तीस नव्हे, एकच. तो फरक औषधाचा होता, जमिनीच्या ओलाव्याचा होता की शेजारच्या झाडांच्या सावलीचा, हे सांगण्याचा मार्गच त्या प्रयोगात नव्हता. माझा एक हंगाम वाया गेला. परंतु त्या आधारे शिफारस झाली असती, तर कितीतरी शेतकऱ्यांचा हंगाम वाया गेला असता.

हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला आभासी पुनरावृत्ती अशा अर्थाचे नाव दिले. तिच्यावरील उपाय त्याच्या कितीतरी आधी ज्ञात होता. १९१९ मध्ये रॉथमस्टेड येथे रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यादृच्छिकीकरण, पुनरावृत्ती आणि स्थानिक नियंत्रण ही तीन तत्त्वे शेतातील प्रयोगांतूनच घडविली. ज्या घटकावर उपचार स्वतंत्रपणे दिला जातो, तोच पुनरावृत्तीचा घटक होय. एका प्लॉटमधील अधिक झाडे मोजल्याने त्या प्लॉटचा अंदाज सुधारतो, प्लॉटची संख्या वाढत नाही.

आपल्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी एक नाव आवर्जून स्मरणात ठेवावे. चेस्टर ब्लिस हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये त्यांची शासकीय नोकरी गेली. पुढे ते लंडनला फिशर यांच्यासमवेत काम करू लागले. कीटकनाशकाची मात्रा आणि मृत्युदर यांचा संबंध सरळ रेषेत मांडणारी प्रॉबिट पद्धती त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. कीटक मोजता मोजता संख्याशास्त्रात भर घालणारे असे अभ्यासक आपल्याच विषयात होऊन गेले आहेत.

एक स्वाध्याय

संगणकाकडे वळण्यापूर्वी पुढील प्रयोग हाताने करावा. एका पातेल्यात ४५० हरभरे घ्यावेत आणि त्याच आकाराचे ५० हरभरे रंगवून, वाळवून त्यांत मिसळावेत. रंगीत दाण्यांऐवजी काबुली हरभरा वापरू नये, कारण आकारातील फरक बोटांना कळतो आणि निवड यादृच्छिक राहत नाही. न पाहता २० दाणे काढावेत, रंगीत दाणे मोजून नोंद करावी, दाणे परत टाकून ढवळावे. असे ५० वेळा करावे. सुमारे सहा वेळा एकही रंगीत दाणा येणार नाही आणि सुमारे १९ वेळा शून्य किंवा एक दाणा येईल. आपले आकडे थोडे निराळे येतील. ते निराळे का यावेत, हेच या पाठाचे मर्म आहे. त्यानंतर रंगीत दाणे पातेल्याच्या एकाच कडेला ठेवून, न ढवळता, एकाच जागेवरून मूठ भरावी. पुंजक्यातील किडीचा आणि बांधावरच्या नमुन्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

समारोप

त्या शेतकऱ्याला आज मी काय सांगेन? वीस बोंडांवरून दोन एकरांविषयी निश्चित काही सांगता येत नाही. मात्र किती अनिश्चितता आहे, हे निश्चितपणे सांगता येते. मी संपूर्ण शेतातून बोंडे घेईन. ‘२० पैकी १’ असे लिहीन. सापळ्यात किती पतंग आले आणि शेजारी पऱ्हाटी आहे काय, हे विचारीन. शेवटी म्हणेन, “आज फवारणी करू नका, पण ही पाहणी निसटूही शकते. पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस बोंडे फोडून पाहा.” २० टक्के बाधित असलेले शेत एका पाहणीत निसटण्याची शक्यता ७ टक्के असते. दोन स्वतंत्र पाहण्यांत ते निसटण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी होते. दुसऱ्या फेरीला शेतकऱ्याचा अर्धा तास आणि आणखी वीस बोंडे एवढाच खर्च येतो. पहिल्या भेटीत मी त्याला ही फेरी सुचवावयास हवी होती.